उजवी टाच

गिऱ्हाईक फळीवर बूट ठेवतं न ठेवतं तोच उस्ताद ते उलटे करून बघायचा. माणसाच्या तोंडाकडे नंतर. "नवी गाडी घेतलीत वाटतं," तो म्हणायचा, आणि समोरचा चाट पडायचा. त्यात चाट पडण्यासारखं काही नसतं. गाडी चालवणाऱ्याच्या उजव्या बुटाची टाच मागून खरवडलेली असते, ज्याला डोळे आहेत त्याला ती दिसते. पण लोकांना डोळे असून दिसत नाही, हे उस्तादचं ठाम मत होतं आणि ते तो रोज दोनचार जणांना ऐकवायचा. कुणाचा डावा गुडघा कुरकुरतोय, कोण दिवसभर जिने चढतंय, कुणाच्या खांद्याला जड पिशवी असते, सगळं तो तळव्यावरून सांगायचा. चाळीस वर्षं हाच उद्योग. पाठीमागे लोक त्याला ज्योतिषी म्हणायचे. कानावर आलं की तो कपाळाला आठ्या घालायचा, पण घरी बायकोला ते चार वेळा सांगायचा.

स्वतःचं भविष्य त्याने असंच वाचलं होतं. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी दुकानात काम नव्हतं म्हणून त्याने आपलेच बूट सोल बदलायला घेतले आणि उलटे केले. उजव्या टाचेची बाहेरची कड पार गेलेली. डावी बरी. आपण असे कधी चालायला लागलो, हे त्याला आठवेना. त्याने रस्त्याला दोष दिला, फुटपाथ बनवणाऱ्यांना चार शिव्या घातल्या आणि नवा सोल लावून मोकळा झाला. दोन महिन्यांत तीच कड पुन्हा गेली. मग दुकानाच्या पायरीवरून वळताना शटर धरावं लागायला लागलं. मग शेजारच्या किराणावाल्याने बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "उस्ताद हल्ली घ्यायला लागलेत का?" बायकोच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की तिने त्या दुकानातून साखर घेणं कायमचं बंद केलं.

डॉक्टरांनी आजाराचं जे नाव सांगितलं ते उस्तादला आजवर एकदाही धड म्हणता आलं नाही. अर्थ मात्र नीट समजला. डोक्याच्या मागच्या बाजूला एक लहान मेंदू असतो, शरीराचा तोल तो सांभाळतो, आणि उस्तादचा तो लहान मेंदू हळूहळू सुकत चालला होता. लाखात एखाद्याला होणारा आजार. औषध नाही. आधी पाय, मग हात, मग जीभ. उस्तादचे वडीलही शेवटी भिंत धरून चालायचे, सगळे म्हणायचे वय झालं. ते वय नव्हतं.

"मुलं किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक मुलगी."

मग डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं की हा आजार आईबापाकडून येतो, आणि मुलीत तो उतरला असण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखं. रक्ताची तपासणी केली की लक्षणांआधीच कळेल.

लेक तेव्हा बावीसची होती. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम नुकतंच शिकली होती. केसाएवढी कड इकडची तिकडे झाली तर काच तडकते, असलं ते काम. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी तपासणी करणार नाही."

"अगं, पण कळलेलं बरं ना?" आई म्हणाली.

"कशाला बरं? औषध आहे का? नाही. मग कळून मी काय करू, रोज सकाळी उठून वाट बघू? यायचं असेल तर येईल. तोवरची वर्षं मला मोकळी हवीत."

आणि तिने बापाकडून शब्द घेतला. माझ्या चालण्याकडे बघायचं नाही. माझे बूट उलटे करायचे नाहीत. दुनियेचे करा. उस्तादने शब्द दिला आणि, खोटं का बोला, सहा वर्षं पाळलाही. घरात चपलांची मांडणी दाराशी होती, तर तो त्या मांडणीकडे पाठ करून बसायचा. लेक खोलीतून स्वयंपाकघरात गेली की तो पेपरात डोकं घालायचा. पेपर उलटा असला तरी.

या सहा वर्षांत त्याचं बरंच गेलं. जिना गेला, म्हणून घर बदलून तळमजल्यावर आले. जड काम गेलं. हात पुढे केला की थरथरायचा, म्हणून तो कोपरं गुडघ्यांत रुतवून बसायचा आणि आरी अंगाजवळ धरायचा, म्हणजे टाका सरळ यायचा. बोलताना शब्द घसरायचे, नवं गिऱ्हाईक दोनदा विचारायचं. एकटं चालणं गेलं. काठी त्याने चार दिवस वापरून पाहिली आणि तिलाच अडखळून पडला. तेव्हापासून लेक त्याला सकाळी हात धरून दुकानात सोडायची, तिथून पुढे आपल्या कामावर जायची आणि संध्याकाळी येताना घेऊन यायची. जाताना बारा मिनिटं, येताना पंधरा, कारण संध्याकाळी तो दमलेला असायचा. या गोष्टीचं तिने कधी अवडंबर केलं नाही. त्यानेही आभार वगैरे मानले नाहीत. घरातल्या माणसाचे आभार मानायची त्यांच्याकडे रीत नव्हती.

एका सकाळी दुकानाच्या पायरीशी आल्यावर तिच्या उजव्या बुटाचा पट्टा उसवला. चॉकलेटी, बसक्या टाचेचे, रोजचे बूट. पिशवीत कापडी बूट होते, ते तिने तिथेच घातले.

"संध्याकाळपर्यंत पट्टा शिवून ठेवा. फक्त पट्टा."

"फक्त पट्टा," उस्ताद म्हणाला.

त्याने पट्टा शिवला. शिवून झाल्यावर दोरा तोडायला बूट फिरवला, आणि चाळीस वर्षांची सवय असलेल्या हाताने तो पूर्ण फिरवला.

उजव्या टाचेची बाहेरची कड पार गेलेली. त्याने डावा उचलला. डावा जवळजवळ नवा.

त्याने दोन्ही बूट मांडीवर ठेवले आणि तो बसून राहिला. एक बाई येऊन चेन बसवायला दिलेली पर्स मागत होती, तिला त्याने दोनदा "उद्या" सांगितलं. पर्स तिच्यासमोरच तयार लटकत होती. हीच कड, हाच पाय, अशीच सुरुवात. आणखी काय पुरावा हवा? दुनियेला भविष्य सांगत फिरलास, आता घे, असं तो स्वतःला म्हणाला. शब्द मोडला होता तो मोडलाच होता, पण त्याहून मोठं भय वेगळंच होतं. लेक या दुकानाच्या फळीखाली खेळत मोठी झाली होती. टाच वाचायला तीही शिकली होती. आज ना उद्या हा बूट तिच्या हातात उलटा येणार, आणि मग तिची मोकळी वर्षं तिथेच संपणार.

म्हणून त्याने निस्तरायचं ठरवलं. दोन्ही टाचांचं रबर काढून नवं बसवलं, कानस मारून मळकट केलं, म्हणजे नवं वाटू नये. पण नुसतं रबर बदलून दोन महिन्यांत तीच कड पुन्हा जाणार, हे तो अनुभवाने जाणत होता. अशा पायाला धंद्यात एक उपाय असतो. बाहेरच्या बाजूने चामड्याची बारीक पाचर द्यायची, म्हणजे अंगाचा भार आत येतो आणि कड वाचते. उस्तादने पाचर कापली, उजव्या बुटाच्या आतल्या अस्तराखाली सरकवली, वरून अस्तर चिकटवलं. बोट फिरवून बघितलं. कुणाच्या बापाला कळलं नसतं. संध्याकाळी लेकीने बूट घातले, "झाला पट्टा?" विचारलं आणि त्याने नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ती चौकात अडखळली. तिसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर पाय मुडपला आणि दोघंही पडता पडता वाचले. उस्तादने दात आवळले. सुरू झालं, तो मनात म्हणाला. रोज सकाळी बारा मिनिटं तो तिचा दंड धरून चालत होता आणि तो दंड दिवसेंदिवस ताठ होत होता. पूर्वी ती काहीबाही सांगायची, कुण्या गिऱ्हाइकाला चष्मा डोक्यावर असताना सापडत नव्हता वगैरे. आता गप्प. तोही गप्प. घरी आली की ती बूट काढून थेट पलंगावर बसायची आणि जेवायलाच उठायची. भिंतीपासून दोन बोटं अंतर ठेवून चालायला लागली, भिंतीला हात लावायचा नाही पण भिंत जवळ हवी. हे असं चालणं उस्तादला चांगलं ओळखीचं होतं.

ती बुटावर संशय घेईल ही शक्यताच नव्हती. बापाच्या हातची दुरुस्ती होती. त्या घरात देवावर संशय घेतला गेला असता, उस्तादच्या हातावर नाही.

आठव्या दिवशी, रविवारी सकाळी, बायको भाजी निवडता निवडता हळूच म्हणाली, "तिला सांगू नका मी सांगितलं. मंगळवारी रक्त द्यायला जाणार आहे ती. वेळ घेऊन आली."

"कसलं रक्त?"

"कसलं म्हणून काय विचारता? सहा वर्षं नाही म्हणाली आणि आता स्वतःहून. परवा तिच्या हातून काच निसटली दुकानात. रात्री उशीत तोंड खुपसून रडते." बायकोने भाजीचं ताट उचललं आणि ती आत निघून गेली.

उस्तादच्या खुर्चीतून मागची गॅलरी दिसायची. लेक तिथे होती. कठड्याला रंग लावायचा राहिला होता, तो ती अनवाणी उभी राहून लावत होती. हातांना काही काम हवं असावं. मधेच तिचा पाय सांडलेल्या रंगात पडला. ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटली, एका पायावर उभी राहिली, दुसरा पाय वर घेतला आणि रॉकेलच्या फडक्याने तळवा पुसायला लागली. रंग निघेना. ती पुसत राहिली. दोन्ही हात कामात, कुठे टेकलेली नाही, धरलेलं काही नाही. वासाने तिने डोळे मिटून घेतले तरी अंग हललं नाही.

बघायचं नाही असा शब्द होता. तो तर कधीच मोडला होता. उस्ताद टक लावून बघत राहिला. डॉक्टरांनी त्याला पहिल्या दिवशी हेच करायला सांगितलं होतं, एका पायावर उभे राहा, डोळे मिटा. तो दोन सेकंदांत नर्सच्या अंगावर पडला होता. इथे लेक खांबासारखी उभी होती. आणि ती उभी होती उजव्या पायावर.

पायात बूट नव्हते, एवढाच काय तो फरक.

मग त्याला कळलं. आपण तिच्या पायाखाली काय सरकवलं होतं ते कळलं. चांगल्या पायाला पाचर दिली तर तो पाय वाकडाच पडणार. हे तो नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवतो.

गपचूप काढून टाकावी, असं त्याला वाटलं. खरंच वाटलं. तिला चालायला बरं वाटेल, आपली अब्रू राहील. पण मंगळवारची वेळ घेतलेली होती. भीती मनात बसली होती, ती पाचरीबरोबर निघाली नसती. तो भिंत धरत दारापर्यंत गेला, चपलांच्या मांडणीसमोर जमिनीवर बसला, तिचा उजवा बूट घेतला आणि चिमट्याने अस्तर उचकटायला लागला. हात इतका थरथरत होता की चिमटा दोनदा सुटला. आवाजाने लेक आली.

"काय करताय?"

"तुझ्या बुटात मी पाचर घातली होती. ती काढतोय."

"कसली पाचर?"

त्याने सांगितलं. पट्टा शिवताना बूट उलटा केला, कड दिसली, आपलीच पहिली कड आठवली, तुला कळू नये म्हणून झाकली. शब्द घसरत होते, त्यामुळे सांगायला फार वेळ लागला. तिने एकदाही मधे तोंड घातलं नाही. आई आतून येऊन पदराने हात पुसत उभी राहिली होती.

लेक खाली बसली. तिच्या तळव्याला अजून हिरवा रंग होता.

"आठ दिवस, बाबा," ती म्हणाली. "आठ दिवस मी स्वतःला मेल्यात जमा धरलं. दुकानात सांगून आले, काचा घासायला दुसरं कुणी बघा. तुम्ही शेजारून चालत होता. तुम्हाला दिसत होतं."

"मला वाटलं आजारच आहे."

"तुम्हाला वाटलं." तिला संताप आला होता आणि तो तिने लपवला नाही. "वाटलं ते वाटलं, हात कशाला लावलात? मी सांगितलं होतं, फक्त पट्टा."

उस्तादने चिमटा बाजूला ठेवला.

मग तिने विचारलं, "कुठली कड होती?"

"उजवीची. बाहेरची."

"आणि डावा?"

"डावा चांगला होता. नव्यासारखा."

तिने त्याच्या हातातून बूट घेतला, उलटा केला. नव्या रबरावर वाचण्यासारखं काही नव्हतं, तरी ती बघत होती. मग म्हणाली, "तुम्ही चालताना माझ्या कुठल्या बाजूला असता?"

"उजव्या," उस्ताद म्हणाला, आणि पुढचं तिला सांगावं लागलं नाही. तरी तिने सांगितलं.

"इतकी वर्षं. जाताना, येताना. तुमचं निम्मं अंग माझ्या उजव्या हाताला लटकलेलं असतं. कड झिजेल नाही तर काय होईल?"

चाळीस वर्षं जगाच्या टाचा वाचल्या, पण जो बूट वाचला त्याला आपणच लटकलेलो असतो, हे काही त्याला सुचलं नाही. आई मात्र तिथेच उंबऱ्यावर बसली आणि इतकी हसली, इतकी हसली की तिला ठसका लागला. मग रडली. लेक तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

"म्हणजे तुला काही नाही," उस्ताद म्हणाला.

"असं नाही. म्हणजे बूट काही सांगत नाही, एवढंच. आजार असेल किंवा नसेल. आधी होतं तेच."

"मंगळवारी जाणार आहेस?"

"नाही. आठ दिवस माहीत असल्यासारखी जगले. पुरे झालं." ती उठली. "उद्यापासून तुम्ही माझ्या डाव्या बाजूला. आता ती झिजवा. आणि माझे बूट यापुढे तुम्ही हातात घ्यायचे नाहीत. मी पलीकडच्या चौकातल्या त्या माणसाकडे देईन."

"तो?" उस्तादला हे मात्र लागलं. "तो खिळेठोक्या आहे. टाचेला सरळ खिळे मारतो, डोकीसुद्धा आत बसवत नाही."

"मारू दे."

तिने तसंच केलं. उरलेली पाचर, उचकटलेलं अस्तर, सगळं त्या माणसाने आपल्या पद्धतीने ठीकठाक केलं, म्हणजे टाचेखाली चार चार खिळे ठोकले. दुसऱ्या सकाळी उस्ताद तिच्या डाव्या बाजूला आला, दंड धरला आणि दोघं निघाले. फरशीच्या फुटपाथवर खिळे वाजायला लागले. टक, टक. टक, टक.

उस्तादने मान वर ठेवली होती, डोळे दुकानांच्या पाट्यांवर. पण कानांचं काय करणार? उजवा पडला, डावा पडला, मधे किती वेळ गेला, कुठला जड, कुठला हलका, सगळं त्याला पावलागणिक ऐकू येत होतं. बघण्याची गरजच नव्हती. दहावीस पावलं आणखी ऐकली असती तर त्याला हवं ते कळलं असतं, किंवा कळलं असं वाटलं असतं.

तेव्हा तो बोलायला लागला. त्या कोपऱ्यावरच्या न्हाव्याने आरसा बदलला, जुना बरा होता. वरच्या मजल्यावरच्या बाईचा पोपट मेला म्हणतात, पण परवा तर ओरडत होता. आरशाचा पारा कशाने जातो, पोपट किती वर्षं जगतो. जीभ जड होती, शब्द एकमेकांत अडकत होते, धाप लागत होती, पण तो थांबला नाही. बारा मिनिटं, दुकानाच्या पायरीपर्यंत. लेकीने दोन वेळा त्याच्याकडे बघितलं. तिसऱ्यांदा तिने विचारलं, "मग पोपटाचं काय झालं?"

आणि उस्तादने पोपटाचं सगळं पहिल्यापासून सांगितलं. तेव्हापासून तो रोज बोलतो, जाताना आणि येताना.